टेप माणसाला नाही, जागेला लावा: सार्वजनिक इमारत सगळ्यांना वापरता येते का, हे तपासण्याची पद्धत

अपंगत्वाच्या दाखल्यावर एक टक्केवारी असते. डॉक्टर सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद, दृष्टी किंवा ऐकण्याची पातळी तपासतात आणि आकडा लिहितात. तो ४० किंवा त्याहून जास्त भरला तर बऱ्याचशा सवलती मिळतात. दाखला काढायलाच हवा, त्याशिवाय हक्काच्या गोष्टी अडतात. पण हा माणूस गावातल्या वाचनालयात जाऊन बसू शकेल का, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही. त्यासाठी वाचनालय मोजावं लागतं.

एवढी साधी गोष्ट समाजाच्या गळी उतरायला फार काळ गेला. १८९८ च्या ब्रिटिश कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना उचलून वेगळं ठेवण्याची मुभा दिली होती आणि केंद्रीय कायद्यांच्या यादीतून तो जायला २०१६ उजाडलं. वेगळं ठेवण्याच्या जोडीला दया होती, दानधर्म होता. पुढे उपचारांचा काळ आला: शस्त्रक्रिया, पायाला आधार देणारे कॅलिपर, कृत्रिम पाय, विशेष शाळा. यातून लाखो लोकांचं भलं झालं, पण गृहीत एकच होतं, की दोष शरीरात आहे आणि दुरुस्ती शरीराचीच करायची. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांच्या एका संघटनेने हे गृहीतच उलटं केलं. तिच्या संस्थापकांपैकी विक फिंकेलस्टीन हे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढताना तुरुंगात जाऊन आले होते. बहुसंख्य लोकांना बाहेर ठेवणारी व्यवस्था माणसंच उभारतात, हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि समाजाने उभे केलेले अडथळे ही दुसरी, अशी मांडणी त्या संघटनेने १९७६ मध्ये केली.

भारतात ही मांडणी कायद्यात हळूहळू उतरली. डिसेंबर १९९५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते आणि व्याख्या बहुतांशी वैद्यकीय होत्या. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली आणि त्याला धरून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्यात प्रकार २१ झाले, पण खरा फरक व्याख्येत आहे. ‘अडथळा’ म्हणजे काय हे कायद्याने सांगितलं, आणि त्यात बांधकामाबरोबर संवादातले, आर्थिक, संस्थात्मक आणि मनोवृत्तीतलेही अडथळे धरले. टक्केवारीही त्याच कायद्यात राहिली. जुना आणि नवा विचार एकाच पुस्तकात शेजारी नांदतात, आणि कार्यालयात अजून जुन्याचंच वजन जास्त पडतं. म्हणूनच जागेची तपासणी कागदावर आणणं गरजेचं आहे.

ही पद्धत ग्रामपंचायत, वाचनालय, शाळा, मंगल कार्यालय, दवाखाना, बँक, देऊळ अशा कुठल्याही ठिकाणी चालते. २०१६ च्या कायद्यात ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे फक्त सरकारी इमारत नव्हे. लोकांची ये-जा असलेल्या खासगी, धार्मिक आणि सांस्कृतिक जागाही त्यात येतात.

तपासणीला कोण हवं, काय हवं

व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, पांढरी काठी घेऊन फिरणारी एक, ऐकू न येणारी एक (आणि तिच्याशी खुणांच्या भाषेत बोलू शकणारं कोणी), एक कुबड्या किंवा कॅलिपर वापरणारी. जमल्यास एक वयस्क बाई किंवा बुवा. गावात सगळे मिळाले नाहीत तर शेजारच्या गावातून बोलवा, पण त्यांच्याशिवाय तपासणी करू नका. येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसाचं मानधन द्या. ते या कामातले जाणकार आहेत.

डोळ्यांना पट्टी बांधून किंवा उसन्या व्हीलचेअरवर बसून ‘अनुभव घेण्याचा’ कार्यक्रम करू नका. पट्टी बांधलेल्या माणसाला पाच मिनिटांत भीती कळते. वर्षानुवर्षं काठीने चालणाऱ्याचं कौशल्य कळत नाही. बाहेर पडताना तो कीव घेऊन जातो, आणि कीव हाच तर जुना रोग आहे.

सामान थोडं आहे: ५ मीटरची टेप, गवंड्याची पाणसळ, १२०० मिमी लांबीची सरळ लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, खडू, कॅमेऱ्याचा फोन आणि पिशवी अडकवून वजन बघायचा हुकाचा ताणकाटा. ताणकाटा दारासाठी लागतो.

वेळ कामकाजाची निवडा. रविवारी बंद कार्यालय तपासलं तर रॅम्पसमोर लावलेल्या मोटारसायकली दिसत नाहीत आणि स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे असते हेही कळत नाही.

रस्त्यापासून दारापर्यंत

सुरुवात दारापासून नाही, माणूस जिथे उतरतो तिथून करा: एसटी थांबा, रिक्षा थांबा, फाटक. तिथून आतपर्यंत सलग १२०० मिमी रुंद, न घसरणारी वाट आहे का? गटाराच्या जाळीचे गज चालण्याच्या दिशेला समांतर असतील तर व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक त्यात अडकतं. गज आडवे हवेत आणि फटी १२ मिमीपेक्षा मोठ्या नकोत. फाटकाच्या खाली लोखंडी पट्टी किंवा सिमेंटचा उंचवटा असेल तर नोंद करा. गाडी लावायला राखीव जागा ३६०० × ५००० मिमी लागते, कारण गाडीचं दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर उभी राहायला हवी. बाजूला चाकं लावलेल्या स्कूटरलाही नेहमीची दुचाकीची पट्टी पुरत नाही. प्रवेशापासून ही जागा ३० मीटरच्या आत असावी.

रॅम्प

सर्वात जास्त पैसा इथे खर्च होतो आणि सर्वात जास्त चुकाही इथेच होतात.

नियम एका ओळीचा आहे: १ उंची, १२ लांबी. जोतं ४५० मिमी उंच असेल, म्हणजे १५० मिमीच्या तीन पायऱ्या असतील, तर उताराची लांबी ५४०० मिमी. शिवाय वर आणि खाली प्रत्येकी १५०० मिमी सपाट जागा. एकूण ८४०० मिमी. समोर एवढं अंगण नसेल तर उतार मोडा: २७०० मिमीचा एक भाग, मध्ये वळायला सपाट जागा, मग उलट दिशेने २७०० मिमी. वळणावरची सपाट जागा दोन्ही भागांची रुंदी सामावेल एवढी रुंद आणि १५०० मिमी खोल हवी. रॅम्पची रुंदी किमान १२००. उंची जास्त असेल तर १५०० धरा आणि उतार १:१५ पर्यंत सौम्य करा, कारण लांब चढावर हात दमतात.

उतार मोजण्याची युक्ती सोपी आहे. १२०० मिमीची पट्टी उताराच्या दिशेने ठेवा, वर पाणसळ ठेवा, आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत पट्टीचं खालचं टोक उचला. त्या टोकापासून जमिनीपर्यंत १०० मिमी किंवा कमी अंतर असेल तर उतार १:१२ च्या आत आहे. १५० भरलं तर तो १:८ आहे, आणि त्यावरून एकट्याने चढणं बहुतेकांना जमत नाही. फोनमधल्या ॲपवर बघायचं असेल तर १:१२ म्हणजे ४.८ अंश. मात्र एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. पायथ्याशी, मध्ये आणि माथ्याशी, तीनदा मोजा. जागा कमी पडली की गवंडी शेवटचा मीटरभर भाग तीव्र करून जमवून घेतो, आणि सरासरी बरोबर येऊनही रॅम्प वापरता येत नाही. पट्टी आडवी ठेवून बाजूचा कलही बघा. १२०० मिमीला २४ मिमीपेक्षा जास्त कल असेल तर खुर्ची एका बाजूला ओढली जाते.

नेहमीच्या चुकांपैकी सगळ्यात वाईट म्हणजे असलेल्या पायऱ्यांवरच सिमेंट ओतून केलेला ‘रॅम्प’. तिथे उतार साधारण १:२ होतो. तो मोटारसायकल चढवायला उपयोगी पडतो, माणसाला नाही. उलट कुबड्यांवर चालणाऱ्याला सोयीच्या असलेल्या पायऱ्याही त्यात बुजतात. रॅम्प आणि पायऱ्या दोन्ही हव्यात. गुडघा न वाकणाऱ्या पायाला लांब उतारापेक्षा कठडा असलेल्या चार नीट पायऱ्या बऱ्या पडतात.

दुसरी चूक चकचकीत फरशीची. पहिल्या पावसात त्यावरून कुबडीचा रबरी बूच सटकतो. खरखरीत कोबा किंवा चेकर्ड टाइल चालते. खोल खाचा पाडू नका, चाक धडधडतं आणि मणक्याच्या दुखापतीत त्याने कळा येतात.

तिसरी चूक एकाच बाजूला कठडा लावण्याची. पक्षाघातात ज्याचा डावा हात गेला आहे, त्याला चढताना उजवीकडे आधार लागतो आणि उतरताना तीच बाजू भिंतीकडून मोकळ्या काठाकडे जाते. म्हणून कठडा दोन्हीकडे, दोन उंचींवर: ७६० आणि ९०० मिमी. नळी ३८ ते ४५ मिमी जाडीची, मुठीत मावणारी, आणि भिंतीपासून ५० मिमी सुटी. चौकोनी जाड पाइप दिसायला भक्कम असतो, पण संधिवाताच्या बोटांना तो धरता येत नाही. उतार संपल्यावर कठडा ३०० मिमी पुढे न्यावा आणि टोक खाली वळवावं, नाहीतर पदर किंवा ओढणी अडकते. मोकळ्या काठाला ७५ ते १०० मिमी उंचीची कड काढा, म्हणजे चाक घसरून पडत नाही.

चौथी चूक बांधून झाल्यावर घडते. रस्त्याचं नवं डांबरीकरण होतं किंवा अंगणातली माती वाहून जाते, आणि पायथ्याशी ३०-४० मिमीची पायरी तयार होते. तेवढ्याने खुर्ची अडते.

दार आणि उंबरठा

दाराची रुंदी चौकटीची मोजू नका. दार ९० अंश उघडा आणि दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. ही मोकळी जागा ९०० मिमी हवी. ९०० चं दार मागवलं की प्रत्यक्षात ८२०-८४० च मिळते, म्हणून नव्या बांधकामात मोठी चौकट सांगा. दुहेरी दाराची एक फळी कायम कडी लावून बंद ठेवतात. तेव्हा मोजमाप एका फळीचंच धरा.

उंबरठा १२ मिमीपर्यंत चालतो, तोही दोन्हीकडून उतरता. आपल्याकडे उंबऱ्याला मान आहे, त्याचं पूजन होतं. जुना दगडी उंबरा काढण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी लाकडी उतार बसवा. तो सहज मान्य होतो आणि एका दिवसात होतो.

ताणकाटा मुठीला अडकवून दार ओढा. अमेरिकेच्या मानकात आतल्या दारासाठी ५ पौंड, म्हणजे सव्वादोन किलो, ही मर्यादा आहे. एसी खोल्यांच्या आपोआप मिटणाऱ्या दारांना बऱ्याचदा याच्या दुप्पट जोर लागतो. वरच्या क्लोजरचा स्क्रू सैल केला की काम होतं. मूठ गोल नको, खाली दाबायची हवी, साधारण ९०० ते १००० मिमी उंचीवर. वरची कडी बसलेल्या माणसाच्या हाताला येत नाही, म्हणून तिला खाली एक जोडीदार लावा.

स्वच्छतागृह

आत २००० × २२०० मिमी जागा, दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार उघडताच येत नाही, हे त्यामागचं कारण आहे. कमोडची बैठक ४५० ते ४८० मिमी उंच, म्हणजे खुर्चीच्या बैठकीच्या पातळीला. कमोडच्या एका बाजूला भिंत आणि तिच्यावर आडवी दांडी. दुसऱ्या बाजूला ९०० मिमी मोकळी जागा, जिथे खुर्ची लावून सरकता येईल, आणि तिथे वर-खाली होणारी दांडी. कमोड खोलीच्या बरोबर मध्यावर बसवला की दोन्ही बाजू वाया जातात. ही चूक सरकारी आराखड्यातूनही होताना दिसते.

दांडी हलवून बघा, पूर्ण वजन टाकून बघा. टाइलमध्ये प्लास्टिकचा प्लग ठोकून बसवलेली दांडी काही महिन्यांत निघते, आणि निघते ती माणूस तिच्यावर विसंबलेला असताना. ती विटेत किंवा काँक्रीटमध्ये धातूच्या अँकरनेच बसवावी. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत मागे प्लेट लागते. बेसिनचा माथा ७५० ते ८५० मिमी, खाली गुडघे जायला मोकळी जागा, त्यामुळे उभा खांब असलेलं बेसिन नको. जेट स्प्रे बसल्या जागी हाताला यावा. जमिनीवर पडलेल्यालाही ओढता येईल अशी मदतीची दोरी फरशीपासून ३०० मिमीपर्यंत आणा.

मग प्रत्यक्ष वापर बघा. या खोलीत झाडू, बादल्या, जुने फलक, निवडणुकीचं सामान सापडलं तर फोटो काढा. कुलूप असेल तर किल्ली मागा आणि ती यायला किती वेळ लागला ते लिहा. शिपायाला शोधून किल्ली मागावी लागणं हे सुद्धा अडथळ्यात धरा. मूत्राशयावर ताबा नसलेल्या माणसाला तेवढा वेळ नसतो.

दिसत नाही, ऐकू येत नाही, चटकन समजत नाही त्यांच्यासाठी

पांढरी काठी जमिनीलगतचं शोधते. भिंतीतून १०० मिमीपेक्षा जास्त बाहेर आलेली आणि ७०० मिमीच्या वर असलेली वस्तू तिला सापडत नाही, ती थेट छातीला किंवा डोक्याला लागते: अग्निशामक नळकांडं, उघडी खिडकी, तक्रारपेटी. डोक्यावर २१०० मिमी मोकळं हवं. जिन्याखालची तिरपी जागा कुंडी किंवा कठड्याने बंद करा. पायऱ्यांच्या कडेला ५० मिमीची ठळक पट्टी रंगवा. अंधूक दिसणाऱ्यांना ती सर्वात उपयोगी पडते आणि खर्च रंगाच्या डब्याचा. काठीने किंवा पावलाने वाट कळावी म्हणून उठावदार टाइला बसवतात: ठिपक्यांची टाइल म्हणजे ‘थांब’, रेघांची म्हणजे ‘चालत राहा’. ठेकेदार सुशोभनाच्या हौसेने त्या अदलाबदल करून लावतात किंवा रेघा थेट विजेच्या खांबावर नेऊन संपवतात. त्या वाटेवरून पांढरी काठी वापरणाऱ्या सदस्याला चालू द्या, बाकीच्यांनी मध्ये बोलू नये.

ऐकू न येणाऱ्यांसाठी प्रश्न असा: तोंडी सांगितली जाणारी प्रत्येक गोष्ट कुठे लिहिलेली दिसते का? नंबर पुकारतात, तो फलकावर येतो का? खिडकीतल्या कर्मचाऱ्याच्या पाठीमागे उजेड असेल तर चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. टेबल फिरवलं की प्रश्न सुटतो. खिडकीचा एक भाग ७५० ते ८०० मिमी उंचीवर घ्या, खुर्चीवरच्यांना आणि बुटक्यांनाही.

बौद्धिक अपंगत्व किंवा स्वमग्नता असलेल्यांसाठी सूचना छोट्या वाक्यांत, चित्रासह लिहा, आणि गर्दीपासून बाजूला बसायला एक शांत कोपरा ठेवा.

देवळं आणि मंगल कार्यालयांत ‘चपला बाहेर काढा’ हा फलक असतो. कॅलिपर वापरणाऱ्याचा बूट कॅलिपरलाच जोडलेला असतो; तो काढला तर माणूस उभाच राहू शकत नाही. दारावरचा सेवेकरी अडवतो, मागची रांग बघत राहते, आणि माणूस पुन्हा येत नाही. इथे बांधकाम काहीच लागत नाही. विश्वस्तांनी ठराव करून फलकावर लिहावं: ‘कॅलिपर, कृत्रिम पाय, व्हीलचेअर, कुबड्या आत नेता येतील.’ शेजारी चाकं पुसायला ओलं फडकं ठेवावं. सेवेकऱ्यांना हे तोंडी समजावून सांगावं, कारण वाद फलकाशी नाही, त्यांच्याशीच होतो.

अहवाल आणि पाठपुरावा

प्रत्येक अडथळ्याला एक ओळ: जागा, मोजलेला आकडा, हवा असलेला आकडा, टेप दिसेल असा फोटो, उपाय, जबाबदार कोण, मुदत. ‘रॅम्प योग्य नाही’ असं लिहिलं तर फाइल पडून राहते. ‘मुख्य दाराचा रॅम्प, १२०० मिमीला १७० मिमी, उतार सुमारे १:७, हवा १:१२’ असं लिहिलं की अभियंत्याला उत्तर द्यावं लागतं. उपायांचे तीन गट करा. आज होणारे: गाड्या हलवणं, खोली रिकामी करणं, किल्ली दाराजवळ ठेवणं. महिन्याभरात होणारे: रंग, दांड्या, मुठी, फलक. आणि अंदाजपत्रक लागणारे. पहिल्या गटातलं काम त्याच आठवड्यात करून घ्या.

पत्र इमारतीचा ताबा असलेल्या कार्यालयाला द्या आणि आवक क्रमांक घ्या. पत्रात २०१६ च्या कायद्याच्या कलम ४५ चा उल्लेख करा: नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायच्या होत्या. नियम १५ जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नव्या इमारतीसाठी कलम ४४ आहे. निकषांत न बसणाऱ्या आराखड्याला परवानगी आणि बांधकामाला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. मोजमापांचा आधार म्हणून केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे जोडा. ‘ती फक्त शिफारस आहे’ असं उत्तर आलं तर सर्वोच्च न्यायालयाचा राजीव रतुरी खटल्यातला ८ नोव्हेंबर २०२४ चा निकाल दाखवा. सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवता येत नाहीत, बंधनकारक किमान निकष करा, असं न्यायालयाने केंद्राला सांगितलं आहे.

ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला हे ग्रामसभेत किंवा माहिती अधिकारात विचारा. मात्र रॅम्प याच निधीतून करा असा आग्रह धरू नका. इमारत नीट करणं हे इमारतीच्या खर्चात बसतं. हा निधी शक्यतो माणसांच्या हातात पडावा. दाद लागली नाही तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. त्यांनी शिफारस केल्यावर संबंधित कार्यालयाने काय केलं, हे ३ महिन्यांत कळवायचं असतं. कायदा मोडल्याबद्दल पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास ५०,००० ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

काम पूर्ण झाल्याचं पत्र आलं की बिलं निघण्याआधी तीच मंडळी, तीच टेप घेऊन पुन्हा मोजमाप करा. त्यानंतरची फेरी पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर: रॅम्पच्या पायथ्याशी पाणी साचतं का, शेवाळ धरलं का, ठिपक्यांच्या टाइला सुटल्या का, आणि स्वच्छतागृहाच्या खोलीत पुन्हा बादल्या आल्या का.